चाळीस मीटरची उडी

"मासे अशी उडी मारत नाहीत," तो पडद्याला म्हणाला. खोलीत दुसरं कोणी नव्हतं, आणि पडद्याला सव्वीस वर्षं त्याचं ऐकून घ्यायची सवय होती.

पाहणीच्या जहाजावर त्याला सगळे 'कान' म्हणत. जहाजाच्या पोटातून आवाज खाली सोडायचा, बोटभर माशांच्या थव्यावर आपटून तो किती जोरात परत येतो ते बघायचं, आणि त्यावरून मासे किती हे सांगायचं, हे त्याचं काम. माणसांशी बोलायचा प्रसंग त्यात क्वचितच येई. गेल्या वर्षी बायको वारल्यापासून घरीही तसा प्रसंग येत नसे.

निवृत्तीला आठवडा उरला, म्हणून तो जुन्या नोंदी आवरायला बसला होता. तीन वर्षांपूर्वीचा प्रसिद्ध थवा समोर आला. कार्यालयाच्या जिन्यात त्याचं चित्र चौकटीत लावलेलं होतं. त्या दिवशी कानने दोन आवाजांमधला वेळ सहज म्हणून बदलला होता, आणि त्याच क्षणी अख्खा थवा चाळीस मीटर खाली गेला होता. नोंदवहीत त्याचंच अक्षर होतं : 'मासे बिचकले.'

मासे नव्हतेच. आधीच्या आवाजाचा प्रतिध्वनी खोल तळावरून रमतगमत वर आला होता आणि पुढच्या आवाजाच्या चित्रात घुसला होता; वेळ बदलताच त्याची जागाही सरकली होती. नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात बजावतात, ती चूक. जाळं टाकून खात्री करायची, तर जहाजावरचं जाळं फाटलेलं. शिवाय थवा इतका देखणा होता की शंका घेणं उद्धटपणाचं वाटलं.

त्या अहवालावर विसंबून त्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, पाच दिवस होडी घेऊन तिकडे फिरला आणि रिकाम्या हातांनी परतला. "मासे आहेत. तुला जाळं टाकता येत नाही," असं कान चारचौघांत म्हणाला होता. पुढे होडी विकली गेली, बोलणं बंद झालं. नातेवाईक म्हणावा असा आता तेवढाच उरला होता.

थवा खोटा होता हे सांगायला कान आधी साहेबांकडे गेला.

"अहो, निरोपाच्या केकवर तोच थवा काढायला सांगितलाय!"

"केकवर राहू द्या. अहवालातून काढा."

"तीन वर्षांत माशांनी तक्रार केली का? सोडा हो."

कानने दुरुस्तीचा अर्ज टेबलावर ठेवला आणि पोच मागून घेतली.

मेहुणा बर्फाच्या कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी होता. दुपारचा डबा शेजारी ठेवून बाकावर बसला होता.

"भावोजी? वाट चुकलात?"

"तिथे मासे नव्हते," कान उभ्या उभ्याच म्हणाला. "समुद्राचा तळच मला थवा वाटला. चूक माझी."



"म्हणजे मला जाळं टाकता येत होतं."

"येत होतं."

"हे ताईच्या कानावर जायला हवं होतं. शेवटपर्यंत विचारायची, दोघं बोललात का म्हणून."

तेवढ्यात ट्रकने हॉर्न दिला. मेहुणा उठला, फाटक उघडलं, ट्रक आत घेतला. मग तिथेच पाठ करून उभा राहिला. जा म्हणाला नाही, बसा म्हणाला नाही.

कान बाकाच्या कडेला टेकला. मागून दुसरा ट्रक आला, तसा बाक हादरला. डबा घसरू लागला. कानने त्यावर हात ठेवला, आणि ट्रक निघून गेल्यावरही तो तसाच ठेवून बसून राहिला.