सावलीतली वाफ

माझी थोरली हॉटेलात पुढच्या काउंटरवर उभी असते, हे मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत असे. कपडे टाकायला आलेला माणूस कितीही घाईत असो, माझं सांगून झाल्याशिवाय त्याला पावती मिळायची नाही. आमचा धंदा लॉन्ड्रीचा. लोकांचे मळके कपडे धुवायचे, डाग काढायचे, वाफेच्या प्रेसखाली घालून कडक करून द्यायचे. घरातल्या सगळ्यांची बोटं साबणानं खाल्लेली. त्यातून एकटी थोरली बाहेर पडली आणि निळा कोट घालून लोकांना किल्ल्या देऊ लागली. तिचा नवरा सोडून गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशीही ती कोट घालून कामावर गेली. मी म्हटलं, नवरा गेला, कोट राहिला, सौदा वाईट नाही.

चाळिशी ओलांडली आणि तिच्या दोन्ही गालांवर वांगाचे डाग उठले. तपकिरी, फाटक्या कडांचे. डोळ्यांच्या कोपऱ्यांत सुरकुत्या आल्या. त्या कोणाला चुकल्यात? माझ्या तोंडावर तर नांगरट झाली आहे. पण माझं तोंड बघून कोणी खोली घेत नाही. हॉटेलात नवा मॅनेजर आला होता, जिभेवर साखर आणि पोटात सुरी. तो तिला म्हणाला, "मॅडम, तुम्ही फार थकलेल्या दिसता. मोसम सुरू होईपर्यंत जरा ताज्यातवान्या व्हा. नाहीतर तुम्हाला चादरींच्या खात्यात बसवू, तिथे आराम आहे."

चादरींचं खातं म्हणजे हॉटेलची धुलाई. घरी येऊन तिनं हे सांगितलं तेव्हा ती रडली नाही. नुसती कोटाची बटणं काढत आणि लावत बसली. मला ते रडण्यापेक्षा वाईट वाटलं.

मग आम्ही कातडीच्या डॉक्टरणीकडे गेलो. सून म्हणाली होती, ताईंना एकट्यांना जाऊ दे. मी म्हटलं, एकटी गेली तर ते तिची साल काढतील आणि वर आभार मानून घेतील.

डॉक्टरीण माझ्या सुनेहूनही लहान. तिनं थोरलीच्या तोंडावर दिवा धरला, गाल ताणून पाहिले आणि म्हणाली, "दोन मार्ग आहेत. पील म्हणजे सौम्य आम्ल लावून वरचा थर उतरवायचा. हळूहळू, काही बैठकांत. लेझर खोलवर जातो, सुरकुत्यांनाही चांगला, फरक लवकर दिसतो. पण तुमच्या रंगाच्या त्वचेवर त्यानं वांग उलट भडकूही शकतो."

"लवकर म्हणजे मोसमाच्या आत?" थोरलीनं विचारलं. तिला तेवढंच ऐकू आलं होतं.

"बहुतेक. पण खात्री देता येत नाही."

"खात्री लग्नातसुद्धा देत नाहीत," मी म्हटलं, "तरी लोक जेवून जातात."

डॉक्टरीण हसली. थोरली नाही हसली.

"मला लेझरच करायचंय," ती म्हणाली.

"गप बैस. डागाला आधी सौम्य औषध लावतात. चोळत नाहीत, घाई करत नाहीत. डागावर गरम इस्त्री फिरवली तर तो जन्माचा पक्का होतो. हे तू शाळेत जायच्या आधी शिकलीस."

"आई, मी कपडा नाहीये."

"कपडा असतीस तर बरं झालं असतं. उलट बोलली नसतीस."

डॉक्टरीण म्हणाली, "आजी म्हणतात त्यात तथ्य आहे. मीही पीलच सुचवेन. पण नंतर जपावं लागेल. ऊन अजिबात नको, उष्णता टाळा, मलम रोज लावा, सुटलेली साल ओढू नका."

बाहेर पडताना मी छाती काढून चालत होते. शिकलेल्या डॉक्टरणीनं माझं म्हणणं मान्य केलं होतं. त्या तोऱ्यात घरी पोचेपर्यंत तिचं निम्मं बोलणं विरून गेलं. आम्हा सगळ्यांच्या डोक्यात राहिलं ते फक्त ऊन.

पहिल्या पीलनंतर तिची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुटू लागली. असं तोंड घेऊन काउंटरवर कशी उभी राहणार? तिनं रजा टाकली. आमचं घर म्हणजे पुढे दुकान, मागे राहायच्या खोल्या, आणि सगळ्या खोल्यांना मोठमोठ्या खिडक्या. दुपारी इतकं ऊन आत येतं की पडदे लावूनही भिंती तापतात. बिनखिडकीची खोली एकच, प्रेसची. मी तिची खुर्ची उचलून तिथे नेऊन ठेवली. सुनेला ताकीद दिली, "हिच्या तोंडावर उन्हाचा एक कवडसा पडला तर तुझी गाठ माझ्याशी आहे."

"आई, मी काय ऊन खिशात घेऊन फिरते?" सून म्हणाली.

थोरली दिवसभर त्या सावलीत बसून राहिली. पण आमच्या रक्तात रिकामं बसणं नाही. प्रेसवाला आजारी पडला होता, माझा धाकटा मुलगा एकटाच कपड्यांशी झटत होता. ती उठली, एक शर्ट घेतला, मग दुसरा. प्रेसचं झाकण उचललं की वाफेचा लोट थेट तोंडावर. मी दारातून पाहिलं. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. वाफ म्हणजे आमच्या घरातली हवा. मासा पाण्याला काय भिणार?

"ताई, पार्लरमध्ये हीच वाफ बायका पैसे देऊन घेतात," सून म्हणाली.

"मग ताई, तुझ्याकडून पण पैसे घेईन मी," धाकटा म्हणाला. "बहीण म्हणून सूट नाही."

त्यावर थोरली हसली. कितीतरी दिवसांनी हसली. तिच्या सोललेल्या गालांवर घामाचे थेंब होते आणि ती शर्टाची कॉलर बसवत होती, लहानपणी बसवायची तशी जीभ दातांत धरून. मला बरं वाटलं. पोर घरी आली, असं वाटलं.

साल पूर्ण गळली तेव्हा खालची कातडी गुलाबी होती. मग गुलाबीपणा गेला आणि खालून डाग वर आला. आधी होता त्याहून गडद, आधी होता त्याहून मोठा. पांढऱ्या कापडावर तापलेली इस्त्री विसरून राहिली की जसा वण उमटतो, तसा. मी तो वण हजार वेळा पाहिला आहे. गिऱ्हाइकाला काय सांगायचं, हेही मला तोंडपाठ आहे. त्या दिवशी त्यातलं एकही वाक्य कामाला आलं नाही.

डॉक्टरणीनं पुन्हा दिवा धरला. "उन्हात गेला होतात?"

"एक किरण पडू दिला नाही," मी म्हटलं.

"मग कुठे होतात?"

"आत. प्रेसच्या खोलीत," थोरली म्हणाली.

"कसलं प्रेस?"

थोरलीनं सांगितलं. डॉक्टरणीनं दिवा बंद केला. मग म्हणाली, "उष्णता टाळा म्हटलं होतं मी. ताज्या पीलवर वाफ म्हणजे..." पुढचं तिनं गिळलं. ते मला तिच्या रागवण्यापेक्षा जास्त लागलं. "आता पील बंद. नुसतं मलम आणि वाट पाहायची. पुष्कळ महिने. उतरेल कदाचित, पण पूर्ण उतरेल असं वाटत नाही."

"आणि लेझर?"

"मी तरी करणार नाही."

"दुसरं कोणी करेल?"

"करणारे असतात," डॉक्टरीण म्हणाली. "आणखी बिघडण्याचीच शक्यता जास्त."

घरी परत येताना थोरलीनं तोंडाला ओढणी बांधली होती. मोसम तोंडावर आला होता आणि मॅनेजरचे दोन फोन येऊन गेले होते. संध्याकाळी मी दुकानात डाग पाहून कपडे वेगळे करत होते, तेव्हा ती समोर येऊन उभी राहिली. गिऱ्हाईक उभं राहतं तशी, काउंटरच्या पलीकडे.

"पलीकडच्या रस्त्यावर एक जण लेझर करतो," ती म्हणाली. "उद्याची वेळ देतोय. करू?"

मी ढिगातून पुढचा कपडा उचलला.

"सांग ना. तुला तर सगळं कळतं. उतरलं तर काउंटर राहील. नाही उतरलं तर... आता माझ्या तोंडाचं काय राहिलंय? करू की नको?"

आयुष्यभर मी लोकांना न विचारता सल्ले दिले. कोणी कोणाशी लग्न करावं, कोणी दुकान कुठे टाकावं, कुठला डाग कशानं जाईल. माझी पोर विचारत होती आणि माझ्या हातात कोणाचातरी झब्बा होता. मी त्याची घडी केली, मोडली, पुन्हा केली.

"मला नाही माहीत," मी म्हटलं.

ती माझ्याकडे पाहत राहिली. मी शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. भांडली असती, ओरडली असती, मग काहीतरी एक केलं असतं.

"बरं," ती म्हणाली.

तिथेच उभी राहून तिनं मॅनेजरला फोन लावला. आवाज मात्र काउंटरवरचाच, गोड आणि ताठ. पाहुण्याला खोली आवडली का, असं विचारणारा. म्हणाली, हो सर, चादरींच्या खात्यात चालेल. नाही सर, काही अडचण नाही. मग थोडी थांबली.

"एक विचारायचं होतं, सर," ती म्हणाली. "धुलाईची इमारत मागच्या गल्लीत आहे ना? मी कधी गेले नाही तिकडे. दार कुठल्या बाजूला आहे?"