दोन खिडक्यांची फ्लॉपी

फिलोमेनाच्या जुन्या कॉम्प्युटरचं पोट उघडून एलिसेओ सकाळपासून त्यात डोकं खुपसून बसला होता, आणि मेना त्याच्या पाठीकडे बघत जीव मुठीत धरून बसली होती. दुपारी एकला फिलिपिन्समधल्या इलोइलोच्या रेडिओवर तिची मालिका लागायची. आजचा भाग तयार होता, पण याच कॉम्प्युटरात अडकून पडला होता.

रेडिओवाल्यांनी नवा कॉम्प्युटर घेतला होता. त्यात फक्त छोटी, कडक कवचाची फ्लॉपी जायची. मेनाकडे सगळ्या जुन्या, मोठ्या, पापडासारख्या वाकणाऱ्या. मेनाच्या कागदावरचं रेडिओच्या कॉम्प्युटरात टाइप करणारी मुलगी दुबईला गेली, तेव्हा मॅनेजर तोलेदोनं सांगून टाकलं, "आजपासून छोटी फ्लॉपी आण. नाहीतर एक वाजता फर्माइशी गाणी." गाण्यांना लेखिका लागत नाही. नवरा गेल्यापासून या मालिकेनंच मेनाचं घर चालवलं होतं, आणि खरं सांगायचं तर मेनालाही.

एलिसेओ पालमारेस पूर्वी जहाजावर वायरलेस सांभाळायचा. आता मोलो वस्तीत त्याचं दुरुस्तीचं दुकान होतं. हात सोन्याचे, पण जिभेला हाड नाही. तो मेनाला लाडानं 'इंदाय' म्हणायचा, ती त्याला मानानं 'नोंग', म्हणजे दादा.

"काय गं इंदाय, तुझ्या मालिकेतली ती रोसाल्बा अजून रडतेय का? बाईच्या डोळ्यांत नळ बसवलाय की काय?"

"तुम्ही ऐकत नाही ना, नोंग? मग चौकशा कशाला?"

"ऐकायला कशाला लागतंय? शेजारीण ऐकते. भिंत पातळ आहे माझी."

तोंड असं चालू आणि हात वेगळेच काही करत होते. छोटी ड्राइव्ह मोठ्या खाचेत खुळखुळत होती, तर त्यानं बिस्किटाच्या डब्याचा पत्रा कापून तिला दोन्ही बाजूंनी चौकट केली. जुन्या केबलचं टोक नव्या ड्राइव्हला बसेना, तर एकेक तार सरळ करून नवं टोक चिमट्यात दाबून बसवलं. कॉम्प्युटर बिचारा छोट्या फ्लॉपीच्या आधी जन्मलेला. त्याला ही नवी पाहुणी कोण ते ठाऊकच नव्हतं. मग चालू होताना तो जी फाइल वाचतो, तिच्यात एलिसेओनं तिची ओळख करून देणारी एक ओळ लिहिली. दिवा लागला, ड्राइव्ह कुरकुरली, भाग छोट्या फ्लॉपीवर उतरला. पुन्हा उघडून पाहिला, अक्षर न् अक्षर जागेवर. या माणसाचे हात धरून डोळ्यांना लावावेत असं मेनाला वाटलं.

"आता जगात कुठेही घाल, चालेल," एलिसेओ म्हणाला. "पालमारेसचं काम आहे!"

फुशारकी मारायला तो जातीनं मेनाबरोबर प्रवासी जीपनीत बसून रेडिओ स्टेशनवर आला. तोलेदोनं फ्लॉपी घातली. पडद्यावर उत्तर आलं : वाचता येत नाही. पुन्हा घातली. पुन्हा तेच. स्टुडिओत नट येऊन बसले होते. तोलेदोनं गाण्यांच्या तबकड्या काढायला घेतल्या.

एलिसेओनं फ्लॉपी उजेडात धरली. एका कोपऱ्यात चौकोनी खिडकी, दुसऱ्या कोपऱ्यात आणखी एक.

"हात्तिच्या! दोन खिडक्यांची आहे ही. दुकानात मीच मारे भारीतली मागितली. दुसरी खिडकी म्हणजे दाट लिहायची फ्लॉपी. तुझी ड्राइव्ह ही दुसरी खिडकी बघतच नाही, इंदाय, ती आपली ऐसपैस लिहिते. यांची मात्र खिडकी बघते आणि दाट लिहिलंय असं धरून चालते. मग वाचेल कशी, कपाळ?"

"म्हणजे चूक तुमची."

"चूक ही बनवणाऱ्या जपान्यांची. चिकटपट्टी द्या कुणीतरी!"

ध्वनिफिती जोडायची पट्टी टेबलावर होतीच. त्यानं नखाएवढा तुकडा दुसऱ्या खिडकीवर चिकटवला, अंगठ्यानं घोटला, फ्लॉपी आत सारली. पडद्यावर रोसाल्बाचं नाव उमटलं. तोलेदोनं तबकड्या खाली ठेवल्या. लाज सोडून मेना टाळ्या वाजवायला लागली.

पण छापायला वेळ कुठे होता? एक वाजला, मालिकेचे सूर वाजले, आणि प्रिंटर अजून दुसऱ्याच पानावर करकरत होता. नट थेट प्रक्षेपणात बोलत होते. एलिसेओ प्रिंटरमधून पान फाडायचा, बोळातून धावत यायचा, मेना दारात घेऊन नटांच्या हाती द्यायची. पान आलं, पान गेलं. शेवटचं मात्र येईना. आत रोसाल्बा झालेली नटी नुसते हुंदके देऊन वेळ काढत होती.

मेना बोळात धावली. एलिसेओ मधोमध उभा होता, पान नाकाशी धरून, ओठ हलवत.

"नोंग! पान!"

"थांब गं... आई तिला ओळखते का एवढंच—"

तिनं पान हिसकावलं, आत पोचवलं आणि भिंतीला टेकून उभी राहिली. आत स्टुडिओत रोसाल्बाच्या आईनं दार उघडलं, रोसाल्बानं हाक मारली, आणि भाग संपला.

"पुढचं पान कुठाय?" एलिसेओनं विचारलं.

"ते उद्याचं."

"उद्याचं? मग मला कळणार कसं?"

"सगळ्यांना कळतं तसं, नोंग," मेना म्हणाली. "एक वाजता रेडिओ लावा."