एकोणीस वर्षांची गोदावरी

लातूर जिल्हा होऊन चौथं वर्ष चालू होतं आणि पाऊस रुसून दुसरं. तिथल्या कन्याशाळेत दानम्मा बिराजदार भूगोल शिकवायच्या. एकोणीस वर्षं त्यांनी फळ्यावर गोदावरी काढली होती. नाशिक, पैठण, नांदेड, पुढं आंध्र. डोळे मिटून खडू फिरवला तरी एक वळण चुकायचं नाही. पण खरी गोदावरी त्यांनी पाहिलेली नव्हती. माहेर निलंग्याचं, सासर औशाचं. तिकडं जायचं निमित्तच कधी निघालं नाही.

त्या मार्चमध्ये त्यांनी हट्टच धरला. सातवीच्या बेचाळीस मुलींना नांदेडला न्यायचं, जुनं गाव, घाट आणि नदी दाखवायची. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "दुष्काळात सहल? बरं, आधी तुम्ही एकट्या बघून या. मुली कुठं बसतील, कुठं जेवतील, सगळं लिहून आणा."

रविवारी पहाटेच्या एस.टी.नं दानम्मा निघाल्या. लोह्याच्या अलीकडं गाडी पंक्चर झाली, नांदेडला पोचेतो साडेअकरा. परतीची शेवटची थेट गाडी चारला. त्यांनी सायकल रिक्षा केली आणि स्पष्ट सांगितलं, "घाटावर." रिक्षावाल्यानं मान हलवली आणि सरळ गुरुद्वाऱ्यासमोर नेऊन उतरवलं.

"अहो, मला नदीवर जायचं होतं."

"बाहेरगावचे लोक इथंच येतात बाई," तो म्हणाला आणि दुसरी सवारी घेऊन गेलासुद्धा.

दानम्मांनी बाहेरूनच हात जोडले आणि विचारत विचारत जुन्या गल्ल्यांत शिरल्या. गल्ल्या अरुंद, दगडी जोती उंच, दारांवर नक्षी. एका वाकणावर पिंपळाची दाट सावली होती. इथं मुली डबे खातील, असं वाटून त्यांनी वही काढली, पावलांनी गल्लीची रुंदी मोजली आणि आकडा लिहिला. तिथंच चुकलं.

"ओ बाई, काय लिहून राहिल्या?" समोरच्या ओट्यावरून धोतर-टोपीतले एक गृहस्थ उठले. "रस्ता रुंदीच्या सर्वेला आलात, हाव ना?"

"नाही, मी शिक्षिका आहे. लातूरहून आले. मुलींची सहल आणायचीय."

"सर्वेला मास्तरलोकच लावतेत," गृहस्थ गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले. "मी अर्जुनराव. लिहा, माझा ओटा आजोबाच्या टायमाचा हाय, तो अतिक्रमण न्हाई."

बघता बघता पंधरा माणसं जमली. कुणी नळ दाखवला, चार दिवसांपासून कोरडा. कुणाला तुंबलेली गटार लिहून हवी होती. दानम्मा ज्याला त्याला सांगत होत्या, मी सर्वेची नव्हे. शेवटी एक म्हातारी म्हणाली, "मंग वही कशाला धरली?" दानम्मांनी वही मिटून पिशवीत टाकली.

"लातूरच्या म्हणता, म्हणजे नव्या जिल्ह्याच्या," अर्जुनराव म्हणाले. "तुमचं बरं हाय. नवी कचेरी, नवे साहेब, पाहिजे तेवढे टँकर."

आता मात्र दानम्मांचा तोल गेला. "टँकर? आमच्याकडं आठ दिवसांनी येतो! माझ्या मुली रांगेत घागरी लावून शाळेत येतात, दुसऱ्या तासाला पेंगतात. तुमच्या दारात नदी आहे, नदी! मला तेवढी एकदा बघू द्या, मग काय लिहायचं ते लिहिते!"

अर्जुनरावांनी टोपी सारखी केली आणि हातानं वाट दाखवली. "हितून खाली. पण बघण्यासारखं काय न्हाई आता."

घाटाच्या पायऱ्या रुंद होत्या, पाचशे मुली बसतील एवढ्या. दानम्मा भराभर उतरल्या. शेवटची पायरी आली आणि पुढं वाळू लागली. वाळू, गोटे, शेवाळाचे वाळून उडालेले पापुद्रे. दूर मध्यावर पाण्याचा हिरवट पट्टा होता, त्यात चार म्हशी बसल्या होत्या. दानम्मा उन्हात तशाच उभ्या राहिल्या.

जवळच वाळूत खड्डा करून एक बाई वाटीनं घागर भरत बसली होती. नाव केवळाबाई.

"हीच का गोदावरी?" दानम्मांनी विचारलं.

"मंग दुसरी कोणती? सरका वाईच, पायानं वाळू ढासळून राहिली."

"मोठं पाणी कुठं आहे?"

"वरल्या अंगाला डोह हाय, लई लांब. जाऊन माघारी यायला सांज व्हईल." केवळाबाईनं वाटीतला गाळ फेकला. "कशाला पायजे?"

"शाळेच्या मुली आणायच्यात. बेचाळीस."

केवळाबाईनं पहिल्यांदा मान वर केली. "आणा की. पण प्यायचं पाणी घरून आणा बाई. हितं एका घागरीला घंटा लागतो."

लातूरहून नांदेडला, गोदावरीवर, पाणी घेऊन यायचं! दानम्मांना हसावं की ओरडावं कळेना. घड्याळात तीन वाजून गेले होते. घशाला कोरड पडली होती, पण त्या खड्ड्याकडं बघून पाणी मागायला तोंड उघडेना. तशाच त्या स्टँडकडं निघाल्या. चारची गाडी पाच वाजता लागली आणि अहमदपूरपर्यंत उभ्यानं जावं लागलं.

सोमवारी त्यांनी मुख्याध्यापिकांना सांगितलं, "आत्ता नको. पाऊस पडल्यावर."

"मी काय म्हणत होते?" मुख्याध्यापिका म्हणाल्या, आणि ते दानम्मांना दिवसभर टोचत राहिलं.

जूनमध्ये त्यांची बदली औशाला झाली. जाताना त्यांनी चित्रकलेच्या रत्नम्मा बाईंना चार पानं लिहून दिली: कुठं उतरायचं, सावली कुठं, गल्लीत वही का काढायची नाही. मुली आता आठवीत गेल्या होत्या; त्यांची सहल सप्टेंबरात गेली. आठ दिवसांनी त्या बेचाळीस जणींतल्या एकीचं पोस्टकार्ड औशाला आलं. तिनं लिहिलं होतं, नदीला लई पाणी होतं, पूर येईल म्हणून पोलिसांनी घाटावर उतरू दिलं नाही, लांबूनच आवाज ऐकला.

दानम्मांनी कार्ड दोनदा वाचलं. "वरून तरी बघायचं होतं गं," त्या चिडून एकट्याच बोलल्या. तोवर तासाची घंटा झाली. त्या वर्गात गेल्या आणि मुलींना पुस्तकं उघडायला सांगितली.