बाईसाहेबांचा माणूस

काकांनी टाचेने जमिनीवर दोनदा ठोकलं, तेव्हा कुठे ओट्याशी उभ्या असलेल्या काकूंनी मान वळवली. घर वरच्या मजल्यावरचं, जमीन लाकडी फळ्यांची, त्यामुळे ठोका पायांना कळायचा. काकूंना ऐकू येईनासं झाल्यापासून हाका मारून घसा कोरडा करण्यापेक्षा ही टाच बरी, असं दोघांनी ठरवून टाकलं होतं. दोन ठोके म्हणजे ‘इकडे बघ’.

“उद्या येतेस ना?” काकांनी चेहरा समोर धरून सावकाश विचारलं.

“कुठे?” काकूंना कळलं होतं, पण वेड पांघरून पेडगावला जायची त्यांची जुनी सवय.

“माझ्या निरोप समारंभाला. अगं, उद्या संपली नोकरी.”

“तुम्ही जाऊन या. मी आपली घरीच बरी.”

कारण काकांना ठाऊक होतं. मध्यंतरी शेजारणीने जिन्यात आपला भाऊ गेल्याचं सांगितलं आणि काकू तोंडभर हसून म्हणाल्या, “अरे वा, छान झालं!” जिन्यातलं कुणीतरी फिस्सकन हसलं. त्या दिवसापासून काकूंनी चार माणसांत जाणंच सोडलं. कानातलं यंत्र आणलं होतं, पण गर्दीत त्यातून नुसता कालवा यायचा. ते कपाटात पडून होतं. बडबडी, हसरी बायको अशी डोळ्यांदेखत घरात मिटत चालली, हे काकांना सोसत नव्हतं. समारंभ गेला खड्ड्यात, पण ही आली पाहिजे.

काका संग्रहालयात होते. तिथे टांगलेला निळ्या देवमाशाचा सांगाडा पुसायचा आणि त्याला कुणी हात लावू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून उभं राहायचं, एवढीच त्यांची नोकरी. सांगाडा मादीचा, म्हणून सगळे तिला बाईसाहेब म्हणत. देवमाशाच्या हाडांतच चरबी मुरलेली असते. मेल्यावरही ती वर्षानुवर्षं थेंबथेंब पाझरते. काका ती पुसायचे आणि तो उग्र वास शर्टात घेऊन घरी यायचे. लग्नापासून काकू ते शर्ट घासत आल्या होत्या. देवमाशाला त्या सवत म्हणायच्या आणि बघायला मात्र कधी गेल्या नव्हत्या. सवतीच्या दारात कोण जातं?

जेवताना काकांनी शेवटचा उपाय म्हणून बाईसाहेबांनाच पुढे केलं. “पिल्लाला पाजते ना, तेव्हा महिनोन्‌महिने स्वतः जवळजवळ उपाशी असते. पिल्लू दिवसाला पिंपभर दूध पितं.”

“मीही दोन पोरं वाढवली. माझा सांगाडा टांगणार आहे का कुणी?”

काका हसले. मग म्हणाले, “ती बहुतेक एकटीच हिंडते. पण तिचा आवाज इतका खर्जातला, की आपल्याला जेमतेम ऐकू येईल. आणि शेकडो कोसांवरच्या दुसऱ्या देवमाशाला मात्र तो कळतो.”

“मग?”

“मग काही नाही. ये तू. मी आहे ना तिथे.”

काकू आल्या. कुरकुरत, ठेवणीतले कपडे घालून, पण आल्या. समारंभ बाईसाहेबांच्याच दालनात होता. काकू दारातच थबकल्या आणि नाक वर करून मोठ्याने म्हणाल्या, “अहो, हा तर तुमच्या शर्टाचा वास!”

मग त्यांनी वर बघितलं. बराच वेळ बघितलं. “केवढी ही! खाते तरी काय?”

“बोटभर जीव. कोलंबीसारखे.”

“बिचारी,” काकू म्हणाल्या.

संग्रहालयाच्या साहेबांनी भाषण केलं. मध्येच काकांवर काहीतरी विनोद केला, सगळे हसले. काकू इतरांचे चेहरे बघून हसल्या, पण तोवर बाकीच्यांचं हसून झालं होतं. शांत दालनात त्यांचं एकटीचं हसणं उरलं. पुढच्या रांगेतल्या दोघांनी वळून बघितलं. काकूंनी खाली मान घातली आणि रुमालाच्या घड्या करत बसल्या.

काकांनी व्यासपीठावरून ते पाहिलं. नेमका तेव्हाच त्यांच्या हातात माइक आला. पाठ केलेले दोन शब्द कुठल्या कुठे पळाले. त्यांनी माइक टेबलावर ठेवला आणि लाकडी व्यासपीठावर टाचेने दोनदा ठोकलं.

दालनाची जमीनही जुन्या फळ्यांचीच होती. काकूंनी मान वर केली. नवऱ्याकडे बघितलं आणि बसल्या जागेवरून टाचेने दोनदा ठोकलं. साहेबांनी दचकून छताकडे पाहिलं. सांगाडा निखळतोय की काय असं त्यांना वाटलं असावं. काकांनी मग माइक उचलला, सगळ्यांचे आभार मानले आणि खाली उतरले.

चहा सुरू झाला तशा काकू उठून सांगाड्याखाली गेल्या. खालचा जबडा हाताला येईल इतका खाली होता आणि त्याच्या टोकाला तेलाचा थेंब जमला होता. काकूंनी रुमालाने तो हलकेच टिपला. कुणी हाडाला बोट लावलं की काकांच्या तोंडून “अहो!” निघायचंच. आज निघालं नाही.

काकू जबड्याजवळ तोंड नेऊन बोलल्या. स्वतःचा आवाज ऐकू न येणारं माणूस बोलतं तसं, दालनभर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

“बाई गं, एवढी वर्षं माझं माणूस सांभाळलंस. आता घरी नेते हं.”

कपबश्यांचा आवाज थांबला. कुणीही हसलं नाही. साहेबांनी चष्मा काढून उगाचच पुसला.

पायऱ्या उतरताना काकूंनी काकांचा दंड धरला. “तिच्याशी दोन शब्द बोलले. कुणी ऐकलं तर नाही ना?”

काका थांबले. चेहरा समोर धरून सावकाश म्हणाले, “कुणी नाही.”