किल्ली काढल्यावर

मेघनाने किल्ली काढून हातात घेतली, तरी गाडी चालूच राहिली. तिने किल्ली पुन्हा घातली, फिरवली, काढली. समोरचे दिवे विझले. इंजिन मात्र आपलं धडधडतच होतं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये काळसर धूर पसरायला लागला आणि वॉचमन खुर्चीवरून उठून बघू लागला.

“ब्रेक दाबून ठेव, ताई,” खिडकीशी उभा असलेला सम्यक म्हणाला. “चौथा गिअर टाक. आता क्लच सोड. एकदम.”

तिने सोडला. गाडीने हिसका दिला आणि सगळं शांत झालं.

मेघना तशीच बसून राहिली. दिवाळीत पप्पांना ठाण्याच्या हॉस्पिटलमधून तिनेच या गाडीतून कल्याणला घरी आणलं होतं. तेव्हा किल्ली फिरवताच गाडी मुकाट्याने बंद झाली होती. त्यानंतर पप्पा कधी गाडीत बसले नाहीत, आणि संक्रांतीनंतर तर पप्पाच राहिले नाहीत. म्हणजे हा बिघाड नंतरचा. आणि त्यावरचा उपाय सम्यकच्या जिभेवर तयार होता.

“कुठे शिकलास हे?”

“काका करायचे ना.”

“पप्पांच्या वेळी नीट बंद व्हायची.”

सम्यक टायरकडे बघू लागला. तिनेही पाहिलं. इतके महिने एका जागी उभ्या असलेल्या गाडीच्या टायरमध्ये इतकी हवा नसते.

सम्यक तिच्या काकांचा मुलगा, पलीकडच्याच बिल्डिंगमध्ये राहणारा. पुण्याहून आईला फोन केला की मेघना न चुकता विचारायची, गाडीला कोणी हात लावत नाही ना? कोण लावणार, आई म्हणायची. घरात चालवणारं कोणी नाही, उगाच सडण्यापेक्षा विकलेली बरी, हे मेघनानेच ठरवलं होतं. आज वागळे इस्टेटमधल्या गॅरेजला दाखवायची, उद्या घेणारा येऊन घेऊन जाणार. तोवर पप्पांची गाडी पप्पांनी ठेवली तशी असेल, एवढीच तिची अपेक्षा होती.

तिचे गुडघे स्टेअरिंगला टेकत होते. सीट पार पुढे ओढलेली. पप्पा तिच्याहून उंच. सम्यक तर ताडमाड. मागच्या काचेवर चिकटपट्टीचे दोन डाग होते, कोणीतरी नखाने खरवडलेले.

“पायलला देतोस का गाडी?”

“कोण पायल?”

“तुझ्या स्टेटसवर रोज असते ती. बुटकी.”

“बुटकी नाहीये ती, पाच-दोन आहे.”

“म्हणजे देतोस.”

“अगं ताई, तिला सायकल येत नाही. गाडी कसली देतोय.”

आई पाण्याची बाटली आणि डबा घेऊन खाली आली, तसा दोघांनीही विषय टाकला. आई मागे बसली. मेघनाने सीट मागे सरकवली. ती सरकली तेव्हा आईने नुसतेच पाय आवरून घेतले.

गाडी ठाण्याच्या रस्त्याला लागली. मेघनाने ब्रेक मारला की शेजारी बसलेल्या सम्यकचा हात आपोआप हँडब्रेककडे जायचा, आणि मग तो काहीच झालं नाही अशा थाटात केसांतून हात फिरवायचा. चौथ्यांदा असं झालं तेव्हा ती म्हणाली, “मला येते चालवता.”

“हो ना. सवय.”

“कसली सवय?”

सम्यकने खिडकीची काच खाली केली.

गॅरेजच्या दारात गाडी उभी करून तिने किल्ली काढली. इंजिन चालूच. काळुराम मेकॅनिक आतून हाताने खूण करत आला, बंद करा, बंद करा.

“तूच कर बंद,” ती सम्यकला म्हणाली. “तुझीच आहे ना? महिनोन्‌महिने फिरवलीस. त्यांची वस्तू आहे, निदान विचारायचं तरी. घरची दुसरी किल्ली आजच्या आज काढून दे, आणि परत आमच्याकडे…”

“चौथा टाक,” मागून आई म्हणाली. “ब्रेक घट्ट धर. क्लच पटकन सोड, रेंगाळलीस तर फार धक्के खाते.”

मेघनाच्या हातापायांनी ते निमूट केलं. इंजिन थांबलं. शेजारच्या कारखान्यातल्या यंत्राचा आवाज तेवढा राहिला.

“त्याला बोलू नकोस,” आई म्हणाली. “मीच शपथ घातली होती. लर्निंग लायसन्स काढलंय मी. हा मागच्या काचेला ‘एल’ चिकटवतो, बाजूला बसतो.”

मेघनाने आरशात पाहिलं. आई डब्याचं झाकण दाबून बसवत होती. ते बसलेलंच होतं.

“कुठे जाता?”

“टिटवाळ्यापर्यंत. तिकडे नव्या बिल्डिंगांच्या मागे रस्ता मोकळा असतो.”

“दोनदा गटारात घालता घालता राहिली,” सम्यक म्हणाला.

“एकदा,” आई म्हणाली. “दुसऱ्यांदा कुत्रं आडवं आलेलं.”

“मला का नाही सांगितलंस?”

आईने डबा सीटवर ठेवला.

“त्या दिवशी ह्यांना धाप लागली ना, तेव्हा गाडी खालीच उभी होती. पुसलेली, डिझेल भरलेली. आणि मी नाक्यावर रिक्षा थांबवत होते. एक थांबेना. आता शिकून काय उपयोग, असं तू म्हणाली असतीस. मला त्याचं उत्तर देता आलं नसतं.”

काळुरामने बॉनेट उघडलं, हात घालून चाचपलं आणि खिडकीपाशी आला. “किल्ली काढली की डिझेल तोडणारा पार्ट असतो इंजिनच्या पंपावर. तो अडकलाय, म्हणून डिझेल जातच राहतं.” त्याने फडक्याला हात पुसले. “सम्यकभाऊ फोनवर बोलले, गाडी विकायचीय. मग आहे तोच साफ करून देतो, गिऱ्हाइकाला दाखवण्यापुरता चालेल. ठेवणार असाल तर नवा बसवावा लागेल.”

सम्यकने आधी मेघनाकडे पाहिलं, मग मागे. आई बाहेर बघत होती. विकायचं ठरवताना तिला कोणी काही विचारलं नव्हतं, आणि आताही ती काही बोलणार नव्हती.

मेघनाने किल्ली काळुरामच्या हातात दिली.

“नवा बसवा,” ती म्हणाली. मग वळून मागे पाहत विचारलं, “टेस्ट कधी आहे?”