तिखटातले नाकतोडे

भात कापून झालं की खाचरात नाकतोडे मोकाट सुटत. लग्न होऊन जपानमधल्या नागानोच्या त्या डोंगराळ खेड्यात आल्यापासून कामफोनने दोन वर्षं ते नुसते पाहिले होते. थायलंडमध्ये, ईसानच्या तिच्या गावी, तिने एव्हाना टोपलीभर धरले असते. पण पहिल्याच वर्षी शेजारणीने हसत विचारलं होतं, "तुमच्याकडे म्हणे किडे खातात?" आणि कामफोन चक्क "नाही" म्हणाली होती. त्या एका शब्दाची तिला अजून लाज वाटे.

यंदा उन्हाळ्यात तिची आई गेली. तिकीट मिळेपर्यंत तिकडे सगळं उरकलं होतं, मग ती गेलीच नाही. नवरा ट्रक घेऊन आठवडाभर बाहेर. घरात ती आणि सासू तोमिए. दोघी दिवसाला वीसेक शब्द बोलत असतील.

ऑक्टोबरातल्या एका सकाळी ती रिकामी बाटली घेऊन खाचरात उतरली. दवाने गारठलेले नाकतोडे धसकटांना चिकटून बसले होते. बोटं काही विसरली नव्हती. अर्धी बाटली भरली, तोच बांधावरून आवाज आला.

"बाटलीत काय कोंबतेस? गुदमरतील ना!"

तोमिए काठी टेकत उभी होती. कामफोनने बाटली पाठीमागे लपवली. "आई, मी... कोंबड्यांना..."

"कोंबड्या आहेत कुठे आपल्याकडे?" म्हातारीने कापडी पिशवी पुढे केली. पिशवीच्या तोंडाला नाकतोडे आत सोडायला बांबूचं नळकांडं बांधलेलं होतं. "खिडकीतून दिसलीस, म्हणून शोधून आणली. गुडघे गेल्यापासून पडूनच होती. आणि आज शिजवायचे नाहीत हं. रात्रभर पोटं रिकामी होऊ देत त्यांची."

"आमच्याकडे लगेच तळतात."

"म्हणजे घाणीसकट खाता!"

"आणि तुम्ही त्यांतही साखर घालत असाल!" कामफोनच्या तोंडून निसटलं.

तोमिए तिच्याकडे बघतच राहिली. "अगं बाई, तोंड आहे की तुला!"

दुसऱ्या दिवशी दोन भांडी चढली. तोमिएने आपला वाटा सोया सॉस आणि साखरेत आटवला, कामफोनने आपला लसूण-मिरचीत तळला. गोड नाकतोडा तिने कसाबसा गिळला आणि "छान" म्हणाली. तिखट खाऊन तोमिएला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं.

"जाळ आहे नुसता! कोणी शिकवलं तुला?"

"आईने."

मग कामफोन बोलत सुटली. आई एकेका बोटाच्या बेचक्यात एकेक नाकतोडा कसा धरायची, हात भरले की ओठांत कसा पकडायची. अर्धं जपानीत, अर्धं आपल्या बोलीत. तोमिएला निम्मं कळलं नाही. तिने मधे विचारलंही नाही. बोलता बोलता कामफोन रडू लागली, आई गेल्यापासून पहिल्यांदाच.

तोमिए उठली. देव्हाऱ्यातला, वारलेल्या सासऱ्यांचा फोटो तिने थोडा बाजूला सरकवला. "आईचा आण."

"फोनमध्येच आहे."

"मग फोन ठेव. आणि पुढ्यात तिखटातले वाढ. गोड तिलाही आवडायचे नाहीत."

फोन उभा केला. जरा वेळाने पडदा काळा पडला, की तोमिए काठीवर भार देऊन वाके आणि बोट लावी.