काळ्या मातीचा ढीग

मंदाबाईंचा आवाज कधी चढत नसे. त्या दिवशीही चढला नाही.

पौषातला रविवार, मंदाबाईंचा सूर्याचा उपास. असोद्यात अशी थंडी की बाटलीतलं खोबरेल दगड झालेलं. आत त्यांच्या नवऱ्याची, नानांची, छाती भात्यासारखी वाजत होती. दम्याच्या माणसाला शेगडी चालेना. गेल्या हिवाळ्यात तिच्याच धुराने त्यांना दवाखाना दाखवला होता. म्हणून मुलाने, चंदनने, जळगावच्या यंत्रवाल्या गिरधरकडून खोली तापवायचं यंत्र बसवलं. अंगणात खोल नळ्या पुरायच्या, त्यांतून पाणी फिरवायचं, जमिनीतली ऊब यंत्राने वाढवून खोलीत सोडायची. मंदाबाईंना ते लगेच पटलं. पौषात विहिरीचं पाणी कोमट लागतं, हे पहाटे त्याच पाण्याने अंघोळ करणाऱ्या बाईला कोण शिकवणार?

पण तीन आठवडे झाले, खोली काही तापेना.

"दोष यंत्राचा नाही अक्का," गिरधर हसत म्हणाला. "तुम्ही पहाटे सूर्याच्या पूजेला दार उघडं टाकता. सगळी ऊब देवालाच पावते!"

"आई, एक महिना घरातूनच हात जोडलेस तर सूर्य रुसेल का?" चंदनही म्हणाला.

परक्याचं सोसलं असतं. पोटच्या पोराने देवघराकडे बोट दाखवलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी नाही, जाळ आला.

"एक तांब्या अर्घ्य द्यायले किती वेळ लागतो रे? अन् मग रातभर तुमची ऊब कुठी जाते, देवळात झोपाले?"

त्या गिरधरकडे वळल्या. "किती खणलं होतं, भाऊ?"

"सहा फूट. पुरुषभर."

"मग मुरूम कुठी आहे?"

"कसला मुरूम?"

"आमच्या अंगणात चार फुटांवर पिवळा मुरूम लागतो. संडासाच्या खड्ड्यातून निघाला, तोच या ओट्यापुढे पसरला आहे. तुम्ही खणलेल्या मातीचा हा ढीग उरला आहे, त्यातून मले मूठभर काढून दाखवा."

ढीग सगळा काळाभोर होता. गिरधर मोबाइल चाळू लागला.

मंदाबाईंनी पदर खोचला आणि कुदळ उचलली. चंदन पुढे झाला, त्याला त्यांनी नजरेनेच थांबवलं. नळ्या पुरल्या होत्या तिथली माती वरवर उकरून मग त्या हाताने खणू लागल्या. कोपरभर हात गेला नाही तोच बोटांना नळी लागली; बर्फासारखी गार.

"अक्का, मजुरांनी..."

"मजुरांचं नाव घेऊ नका. माह्या देवाचं घेतलं तेवढं पुरे. वरची माती हवेसंगं गार होते, हे शेतकऱ्याच्या घरात येऊन लपवता? मुरूम वर येईपर्यंत आजचा उपास सुटणार नाही. नाना तिकडे श्वास मोजतात, तुम्ही इथे फूट मोजा."

गिरधरने जेसीबीला फोन लावला. ऊन उतरता उतरता पहिला पिवळा मुरूम पडला.

चंदन उपास सोडायला खिरीची वाटी घेऊन आला. "आई, चुकलो."

"वाटी खाली ठेव," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "अजून दोन फूट राहिले."